उजवी बाजू

वन्यप्राणी मेला की तो वनखात्याचा, पण त्याला फाडायचा मात्र तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरने. बाहेरच्यांना ही वाटणी ठाऊक नसते. गवा गाडीखाली आला, बिबट्या विहिरीत सापडला, की वनपालाचा फोन पशुधन विकास अधिकाऱ्याला येतो आणि तो लाळ्या-खुरकुताचं लसीकरण अर्ध्यावर टाकून निघतो. गव्याचं पोट उघडायला मला काही वाटत नाही. गाय उघडता आली की गवा येतोच. त्या दिवशी फोनवर वनपाल म्हणाला, "सर, सुऱ्या मोठ्या आणा," आणि पुढे काही बोललाच नाही.

गणपती नुकतेच झाले होते. पावसाचा जोर ओसरला होता, पण समुद्र अजून खवळलेला होता. देवगड तालुक्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. पुळणीवर सुरूच्या बनापलीकडे तीन-चारशे माणसं जमली होती. शाळा सुटली होती की सोडली होती, कोण जाणे. गर्दीच्या मधोमध उजव्या कुशीवर पडलेला चौतीस फुटांचा प्राणी. डोक्यावर कोणीतरी हळद-कुंकू वाहिलेलं, शेजारी फोडलेला नारळ, आणि शेपटीवर चढून फोटो काढणारी पोरं. एकाच देहाचं देवपण आणि खेळणं दोन्ही चालू होतं, कोणाला त्यात विसंगती वाटत नव्हती.

व्हॉट्सअ‍ॅपवर तोवर 'निळा देवमासा' म्हणून बातमी फिरली होती. आपल्याकडे किनाऱ्याला लागलेला प्रत्येक मोठा देवमासा आधी निळाच असतो. निळे आपल्या समुद्रात आहेत, २०१५ साली याच सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर संशोधकांना ते दिसले होते. पण हा तो नव्हता. याच्या डोक्यावर नाकपुड्यांपासून जबड्याच्या टोकाकडे जाणारे तीन कंगोरे होते. एक मधला, दोन बाजूंचे. निळ्याला मधला एकच असतो. तीन कंगोरे म्हणजे ब्रायडीज देवमासा, आपल्या उष्ण पाण्यातला कायमचा रहिवासी. तो ध्रुवाकडे चरायला जात नाही. बांगडा-तारलीच्या थव्यांमागे इथेच फिरतो. पत्रकाराला मी हे समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'महाकाय निळा देवमासा'.

मी पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. रापणकरांपैकी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांपैकी, एक म्हातारे बाजूला उकिडवे बसले होते, त्यांना भरतीची वेळ विचारली. समुद्र खवळलेला, म्हणजे संध्याकाळी पाणी थेट सुरूच्या मुळांशी येणार. माझ्या हातात दिवसाचा काय तो मधला भाग.

मेलेल्या देवमाशाची एक गोष्ट गुरांच्या डॉक्टरला शिकवलेली नसते. कातडीखालच्या चरबीमुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही. बाहेरून कातडी तुकतुकीत दिसते आणि आत सगळं शिजत असतं. वायू कोंडतो, गळ्याच्या पन्हळी फुगतात, जीभ बाहेर येते. नर असेल तर लिंगही बाहेर येतं. पोरं हसत होती ती त्यालाच, आणि मला नर-मादीची नोंद करायला काही शोधावं लागलं नाही. २००४ साली तैवानमधल्या ताइनान शहरात ट्रकवरून नेताना असाच एक देवमासा भर रस्त्यात फुटला होता आणि आतडी दुकानांवर उडाली होती. मी ती गोष्ट मुद्दाम मोठ्याने सांगितली. जे काम पोलिसांच्या शिट्टीने झालं नव्हतं ते झालं, गर्दी पन्नास पावलं मागे सरली.

वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून, बांबूला बांधलेल्या कोयत्याने पोटाच्या वरच्या बाजूला लहानशी चीर दिली. पंधरा-वीस मिनिटं नुसती शीळ वाजत होती. वासाबद्दल लिहीत नाही.

तोंड उघडायला दोन माणसं आणि एक पहार लागली. वरच्या जबड्याला दोन्ही बाजूंना दातांच्या जागी करड्या पट्ट्यांची दाट रांग. एकेका बाजूला तीनशेच्या आसपास. बाहेरून गुळगुळीत आणि आतून झिजून काथ्यासारखी झालेली. घोटभर नव्हे, खोलीभर पाणी तोंडात घ्यायचं, मग जिभेने ढकलून या झालरीतून बाहेर काढायचं, मासे आत राहतात. पट्टीवर नख दाबलं आणि बरं वाटलं. हा पदार्थ माझ्या ओळखीचा, केराटिन. खूर, शिंग, नख, सगळं त्याचंच. आयुष्यभर मी तेच तासत आलोय. युरोपातल्या बायकांच्या कमरेला आवळणाऱ्या काचोळ्या आणि छत्र्यांच्या काड्या एके काळी याच्यापासून बनत. त्यासाठी आणि दिव्याच्या तेलासाठी उत्तरेकडचे देवमासे शतकानुशतकं मारले गेले. या प्राण्याला आईच्या पोटात असताना दातांचे अंकुर फुटतात आणि जन्माआधी विरून जातात. हे मी वाचलं होतं. परिचराला सांगितलं तर तो म्हणाला, "मग देवान दिले कित्याक?" याचं उत्तर आहे, पण ते पुळणीवर उभं राहून द्यायचं नव्हे.

तेवढ्यात अपेक्षित प्रश्न आला. पांढरा शर्ट, गावचा नसावा. "डॉक्टरानू, ह्येच्या पोटात ता अंबर गावतला काय ओ?" कोटीच्या भावाच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या. मी सांगितलं की अंबर, म्हणजे अत्तरवाल्यांना हवा असलेला तो मेणासारखा पदार्थ, फक्त स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. तो दात असलेला, वेगळ्या कुळीचा. याच्याकडे दातही नाहीत आणि अंबरही नाही. शिवाय सापडलं तरी जवळ बाळगणं गुन्हा आहे. तो मान डोलावत राहिला, पण पोट उघडेपर्यंत हलला नाही. लोकांना प्राण्याबद्दल काही सांगा, विश्वास बसत नाही. भाव सांगा, लगेच बसतो.

पोट उघडलं तेव्हा मात्र परिचर आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. कोठ्या! एकामागे एक, गाईच्या पोटाची आठवण करून देणाऱ्या. रवंथ न करणाऱ्या, मासे खाणाऱ्या प्राण्याला ही जठराची रचना मिळाली ती पूर्वजांकडून. देवमाशाचं सगळ्यात जवळचं जिवंत नातं पाणघोड्याशी, आणि थोडं मागे गेलं की गाई-हरणांच्या कुळाशी. त्या नात्याचा एक मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. जम्मूतल्या कालाकोटच्या खडकांतून रंगा राव नावाच्या भूवैज्ञानिकाने गोळा केलेले दगड वर्षानुवर्षं तसेच पडून होते. त्यांच्या पश्चात ते पत्नीने थेविसन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाकडे सोपवले. त्यातली एक कवटी साफ करताना फुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं. आतल्या कडेला जाड झालेलं, जसं फक्त देवमाशांचं असतं. सुमारे चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खूर असलेला इंडोह्यूस. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. एक डॉक्टर म्हणून त्या दिवशी मला जो काही आनंद झाला तो या कोठ्यांपाशी.

पहिल्या कोठीत तारलीचे काटे होते, माशांच्या कानातले खडे होते, अर्धवट पचलेलं मांस होतं. पाठीची चरबी चांगली चार बोटं. आता नीट वाचा. चरबी शाबूत, पोटात अन्न. म्हणजे हा कुढत, उपाशी राहून मेलेला नाही. मरायच्या थोडंच आधी तो जेवला होता. जाळ्याचे वळ शेपटीवर नाहीत, जबड्यात दोरी नाही. डाव्या अंगाला किरकोळ खरचटलेलं, तेही खडकांचं असावं. मग मेला कशाने?

पाठीच्या मधल्या रेषेजवळ चरबी सोलताना मांसाचा रंग बदलला. काळपट, जेलीसारखा थर. तो थर डावीकडे येत नव्हता. उजवीकडे, वाळूत दबलेल्या बाजूकडे उतरत होता आणि जितका खणू तितका जाड होत होता. मी डाव्या फासळ्या काढायला लावल्या, फुप्फुस बाजूला केलं आणि खांद्यापर्यंत हात घालून पलीकडची भिंत आतून चाचपली. एक फासळी हाताखाली सरकली. तिच्या शेजारचीही.

जहाजाची धडक बसली की असंच असतं. बाहेर जखम नसूही शकते. पंख्याने कापलं नाही, नुसती नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बसली, तर कातडी टिकते आणि आत हाडं मोडतात. पण फासळ्या मेल्यावर लाटांनी खडकावर आपटूनही मोडतात. दोन्हीत फरक एकच. जिवंतपणी मोडलं तर भोवती रक्त उतरतं, मेल्यावर मोडलं तर उतरत नाही. तो फरक बोटांनी कळत नाही. डोळ्यांनी बघावा लागतो, त्यासाठी प्राणी उलटा करावा लागतो.

उलटा करायचा कसा? आलेला जेसीबी एक. तो उचलतो दीड-दोन टन, हा देह आठ-दहा टनांचा. पोकलेन हवा, रुंद पट्टे हवेत आणि ओला ओहोटीचा काठ हवा. मी आरएफओंना, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, म्हटलं, पोकलेन खाणीवर आहे, दोन तासांत येईल. ते भले गृहस्थ, त्यांनी तीन फोन केले. पण वरून एकच आदेश, सूर्यास्ताच्या आत पुरा. सरपंचांना पर्यटकांची काळजी, पोलिसांना गर्दीची, आरोग्यवाल्यांना वासाची. यातली एकही काळजी खोटी नव्हती. पण या माशाची उजवी बाजू कोणाच्याच यादीत नव्हती. ज्याचं नाव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या मरणाचं कारण शोधायला आपल्याकडे एक पोकलेनही मिळत नाही. जिवंतपणी त्याला हात लावला असता तर तुरुंग.

जेसीबीने शेपटीला साखळी घालून देह खड्ड्याकडे ओढला, तेव्हा फासळ्या मोडल्याचे आवाज आले. म्हणजे उद्या सांगाडा उकरून बघितला, तरी माझ्या हाताखाली सरकलेल्या त्या दोन फासळ्या कुठल्या आणि साखळीने मोडलेल्या कुठल्या, हे सांगता यायचं नाही. हाड जुळायला लागलं असेल तरच खूण राहते. तो तेवढा जगलाच नसेल तर खूण कसली?

जाता जाता डाव्या कानाकडे वळलो होतो. देवमाशाच्या कानात मेणाची गुळी असते, आयुष्यभर फिकट-गडद थर चढत जातात. त्या थरांतून वय कळतं, आणि २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात जुन्या गुळ्यांमधून ताणाचं संप्रेरक मोजलं होतं. देवमाशांची कत्तल जितकी वाढली तितका ताण वाढलेला, आणि दुसऱ्या महायुद्धात शिकार घटली तरी ताण चढलेलाच. आमच्याची गुळी वितळून गेली होती. काळ्या थराचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये पाठवले, कातडी अल्कोहोलमध्ये. कातडीवरून जात पक्की झाली. तुकड्यांचं उत्तर आलं की ऊती फार कुजल्यामुळे मत देता येत नाही. प्रयोगशाळेला दोष नाही, इतक्या उशिरा आणि इतक्या गरम मांसाचं तेच होणार.

मी या विषयावर वाचत बसलो तो त्यानंतर. विसाव्या शतकात जगभरात सुमारे एकोणतीस लाख देवमासे मारले गेले. त्यात आपला अरबी समुद्रही आहे हे मला माहीत नव्हतं. १९६३ ते १९६७ च्या दरम्यान सोव्हिएत जहाजं ओमानपासून भारताच्या वायव्य किनाऱ्यापर्यंत बेकायदा शिकार करत होती. ८४९ ब्रायडीज, २४२ कुबडे देवमासे (हंपबॅक), निळे तर बाराशेवर. आकडे दडवले गेले, पण जहाजांवरच्या जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपल्या आणि नव्वदच्या दशकात बाहेर काढल्या. प्रत्येक देवमाशाची लांबी मोजलेली, जठर उघडलेलं, गर्भ नोंदलेले. अरबी समुद्रातले कुबडे स्थलांतर करत नाहीत, इथेच विणतात, हेही त्याच नोंदींवरून पुढे आलं. आज ओमानजवळ ते शंभराच्या आत उरलेत. आपल्या समुद्रातल्या देवमाशांची सर्वांत काटेकोर शवविच्छेदनं मारेकऱ्यांनी केली. ज्यांनी मारले नाहीत, ते आम्ही, संध्याकाळच्या आत पुरतो.

खोल समुद्रात मेला असता तर बुडाला असता. तळाशी त्याच्या अंगावर शार्क, खेकडे, मग हाडांतली चरबी खाणारे किडे, अशी एक वसाहत काही दशकं जगली असती. म्हाताऱ्या रापणकरांना हे सांगत होतो, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तारली इली की हे येतत, आमका बरा वाटता. आता बोटी वाढल्यो." जहाजांच्या वाटा आणि तारलीच्या जागा एकाच नकाशावर कोणी काढल्यात का, हे मी दोघा-तिघांना विचारलंय.

आता गावात सांगाडा उकरून पर्यटन केंद्रापाशी मांडायची टूम निघालीय. फलकाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. लांबी बरोबर आहे, साल बरोबर आहे. शेवटच्या ओळीत लिहिलंय, 'मृत्यू : नैसर्गिक'. मी ते खोडून 'कारण तपासता आले नाही' असं लिहिलं. सरपंचांचा फोन आला, पर्यटकांसमोर असं बरं दिसत नाही, निदान ओळच काढून टाकू का. मी अजून होकार दिलेला नाही.