खुर्च्या कोणी मांडायच्या

शनिवारी पाचला कार्यक्रम असला की मी साडेतीनलाच सभागृह उघडायचे. खुर्च्या मांडायच्या, माइक तपासायचा, प्रमाणपत्रांवर सह्या घेऊन गठ्ठा टेबलावर ठेवायचा. वाचनालयाच्या युवा विभागात आले तेव्हा पहिलं दीड वर्ष असंच चाललं होतं. मुलं येतील तेव्हा सगळं तयार असावं, अशी माझी समजूत. मुलं यायची, मांडलेल्या खुर्चीवर बसायची, ठरलेलं भाषण ऐकायची, प्रमाणपत्र घेऊन जायची. पुढच्या शनिवारी चेहरे वेगळे.

त्यातली एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटची रांग, दाराजवळची खुर्ची. पूर्ण दीड तास तिने मांडीवरची बॅग खाली ठेवली नाही, पट्टा मनगटाभोवती गुंडाळलेला. संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं गं?" म्हणाली, "छान होतं, ताई." पुन्हा आली नाही. तिचं "छान" खरंच असेल. पण तिने हात मोकळे करावेत असं काही मी त्या दीड तासात तिच्यापुढे ठेवलंच नव्हतं.

पुढे एका शनिवारी प्रोजेक्टर चालेना. पाहुणे थांबलेले, माझी धावपळ. शेजारच्या अभ्यासिकेतला एक मुलगा पाणी प्यायला बाहेर आला होता. "मी बघू का?" म्हणाला आणि पाच मिनिटांत चित्र पडद्यावर आलं. पुढच्या शनिवारी हा साडेचारलाच दारात. "आज पण प्रोजेक्टर लावायचाय ना?" दोन वर्षं तो रोज त्या अभ्यासिकेत येत होता आणि सभागृहात एकदाही डोकावला नव्हता. भाषणांना कधी आला नाही, पण काम मिळालं तसा आला. त्या दिवसापासून मी खुर्च्या आधी मांडून ठेवणं बंद केलं.

नंतर वाचताना रॉजर हार्ट या अभ्यासकांची सहभागाची शिडी सापडली. मुलांच्या सहभागाबद्दल १९९२ साली त्यांनी युनिसेफसाठी एक निबंध लिहिला, त्यात आठ पायऱ्यांची ही शिडी आहे. कल्पना त्यांनी शेरी अर्नस्टीन यांच्या नागरिकांच्या सहभागावरच्या १९६९ च्या लेखावरून घेतली होती. शिडीच्या खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत: मोठ्यांनी आपल्या कामासाठी मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. मी आमच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी त्या शिडीला लावून बघितली. स्वागताला फुलं घेऊन उभ्या केलेल्या मुली दुसऱ्या पायरीवर. "युवा प्रतिनिधी" म्हणून मंचावर बसवलेला आणि शेवटी दोन मिनिटं मिळालेला मुलगा तिसऱ्या. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या मुलाचे दोन मिनिटांचे शब्दसुद्धा मीच लिहून दिले होते.

उलट बाजूचं उदाहरण मला पार्करन या धावण्याच्या उपक्रमात दिसतं. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले आणि ५ जणांनी स्वयंसेवक म्हणून काम पाहिलं, एवढीच सुरुवात. आज अनेक देशांत शनिवारी सकाळी ५ किलोमीटरची ही फुकट धाव होते आणि ती स्वयंसेवकच चालवतात. वेळ नोंदवणारा, बारकोड स्कॅन करणारा, वळणावर दिशा दाखवणारा, प्रत्येक कामाला नाव आहे. त्यातलं एक मला फार आवडतं: सगळ्यांच्या मागून चालणारा. शेवटचा तो असतो, त्यामुळे भाग घेणारं कोणीच शेवटचं येत नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात स्टॉपवॉच दिलं की पुढच्या आठवड्याला त्याला आठवण करून द्यावी लागत नाही. आपण गेलो नाही तर वेळ कोण नोंदवणार, हे त्याला माहीत असतं.

आमच्याकडे आता महिन्यातल्या दोन शनिवारी दुरुस्तीची दुपार असते. ही कल्पनाही बाहेरूनच घेतलेली. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला मार्टिना पोस्टमा या पत्रकार बाईंनी पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकारांबरोबर बसून स्वतःच दुरुस्त करायला शिकतात. आमच्याकडे एक निवृत्त इलेक्ट्रिशियन काका येतात. परवा त्यांच्यासमोर बंद पडलेली इस्त्री होती आणि शेजारी अकरावीतली एक मुलगी. प्लग भिंतीत नाही ना, हे काकांनी तिच्याकडून दोनदा बघून घेतलं. मग मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे तार सलग असेल तरच बीप होतं त्या खुणेवर. एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं आत जिथे त्याच पिनेची वायर जोडलेली असते तिथे. आवाज नाही. "आता वायर हँडलपाशी जरा वाकव," काका म्हणाले. तिने वाकवली आणि बीप झालं. सोडली, थांबलं. पुन्हा वाकवली, पुन्हा बीप. तार आतल्या आत तुटली होती, वरचं आवरण शाबूत. ती काकांकडे न बघता वायरकडेच बघत म्हणाली, "म्हणजे इथेच." पुढचा पाऊण तास तिने मान वर केली नाही. बॅग कुठे ठेवली होती ते निघताना शोधावं लागलं.

अशा संधी पत्रकावर मोठ्या दिसत नाहीत. "तरुणांसाठी सुवर्णसंधी" असं छापायला मोठं नाव आणि मोठा मंच हवा असतो. मला मात्र वाटतं की एखाद्या मुलीला "म्हणजे इथेच" म्हणता यावं, ही संधी कुठल्याही मंचापेक्षा लहान नाही.

एक चूक सांगायलाच हवी, कारण ती मी तीन वर्षं केली. आमच्या नोंदणीच्या अर्जावर नावाखाली "कॉलेज" असा रकाना होता. एकदा एका मुलाने अर्ज घेतला, तिथपर्यंत भरला, थांबला आणि घडी घालून मला परत दिला. तो एका दुकानात कामाला होता. काही बोलला नाही, फक्त "नंतर येतो" म्हणाला. नंतर आला नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ वर्षांच्या सगळ्यांना तरुण धरतो, त्यात कॉलेजची अट कुठेच नाही. ती मी घातली होती, न कळत. आता अर्जावर तीनच गोष्टी आहेत: नाव, वय आणि कुठल्या वेळी यायला जमेल. तिसऱ्या रकान्यामुळेच आम्हाला कळलं की नोकरी करणाऱ्यांना रविवारची सकाळच सोयीची आहे आणि शेवटची बस चुकेल या भीतीने कितीतरी मुली शनिवारी संध्याकाळी येतच नव्हत्या.

पैशाचं सांगते. बॉस्टन शहराने २०१४ मध्ये आपल्या भांडवली खर्चातले दहा लाख डॉलर कुठे वापरायचे हे १२ ते २५ वयोगटावर सोपवलं. प्रस्ताव त्यांचे, मतदानही त्यांचं. आमचा निधी त्यापुढे काहीच नाही, पण युवा महोत्सवाच्या तरतुदीतला एक भाग मुलांच्या हाती द्या, असा अर्ज मी केला. दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा हो. मुलांनी मतदान घेतलं. मला वाटलं होतं वाद्यवृंद मागतील. त्यांनी अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी ठेवायला आणि जिन्यात दोन दिवे लावायला पैसे मागितले. त्या जिन्यातून मी रोज ये-जा करते. तिथे रात्री अंधार असतो हे मला कधी दिसलं नव्हतं, कारण मी त्याआधीच घरी जाते.

महोत्सव नकोत असं मी म्हणत नाही. गर्दीत, गाण्यात, रांगेत उभं राहून ओळखी होतात, आणि एकट्या पडलेल्या मुलाला आधी गर्दीच बरी वाटते, तिथे कोणी काही विचारत नाही. पण त्या गर्दीतून बाहेर पडल्यावर त्याला सोमवारी जायला एक जागा हवी, आणि त्या जागी तो आला नाही तर कोणाच्या तरी लक्षात यायला हवं.

आता शनिवारी मी पावणेपाचला जाते. किल्ली प्रोजेक्टरवाल्या मुलाकडे असते. खुर्च्या जे येतील तेच मांडतात, कधी गोल, कधी भिंतीला लागून, कधी मांडतच नाहीत. या शनिवारी दोन मिक्सर, एक टेबल फॅन आणि सायकलचा पंप येणार आहे. काकांच्या शेजारी मल्टीमीटर धरायला एक जण कमी आहे.