पाच ते सहा

मेलबर्नला लेकीकडे गेलो की पहिल्या आठवड्यातच माझी संध्याकाळची बैठक ठरून जाते. जूनमधला अंधार पाचलाच खिडकीशी येऊन उभा राहतो, लेक आणि जावई कामावरून परतायला अवकाश असतो, आणि मी चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसतो. पुण्यात तेव्हा जेमतेम दुपारचे साडेबारा वाजलेले असतात आणि माझी बहीण कुकर उतरवत असते.

हा तास तिथल्या वाहिन्यांच्या दृष्टीने हातघाईचा असतो, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. 'सेव्हन' आणि 'नाइन' या दोघींच्या मुख्य बातम्या सहाला लागतात. 'टेन' मात्र पाचलाच बातम्या सुरू करते. एका वाहिनीवर बसलेला प्रेक्षक सहसा उठत नाही, म्हणून बातम्यांसाठी गिऱ्हाईक धरून ठेवण्याचे काम त्याआधीच्या बक्षिसांच्या खेळाकडे, म्हणजे 'गेम शो'कडे, असते. तमाशात वगासाठी आलेला माणूस गवळणही चवीने पाहतो. इथे गवळणीला आलेल्याला वगापर्यंत बसवून ठेवायचे असते.

या चढाओढीचा इतिहास त्या खेळांहून रंजक आहे. २००४ मध्ये 'सेव्हन'ने साडेपाचला 'डील ऑर नो डील' आणले, तेव्हा समोर 'नाइन'वर लॅरी एमडर 'द प्राइस इज राइट' चालवत होते. तो कार्यक्रम २००५ मध्ये बंद पडला. मग 'नाइन'ने बर्ट न्यूटन यांच्यासारख्या मुरलेल्या सूत्रसंचालकाला 'फॅमिली फ्यूड' देऊन उतरवले, पण तेही फार तगले नाही. २००९ मध्ये आलेले एडी मॅग्वायर यांचे 'हॉट सीट', म्हणजे आपल्या 'कौन बनेगा करोडपती'चे चुलत भावंड, मात्र जवळजवळ पंधरा वर्षे टिकले. (आपण तो खेळ जेवणे उरकून रात्री नऊला पाहिला, दिवेलागणीला करोडपती ही कल्पनाच मला चमत्कारिक वाटते.) 'सेव्हन'ने २०१५ मध्ये 'द चेस' आणले, आणि २०२१ पासून ते चालवतात कोण, तर तेच लॅरी एमडर! पेढी बदलली, वेळ तीच राहिली.

जानेवारी २०२४ पासून 'नाइन'वर टेनिसपटू टॉड वुडब्रिज यांचे 'टिपिंग पॉइंट' असते. काचेमागच्या यंत्रात नाणी एकमेकांना ढकलत काठाशी येतात आणि पडता पडता थांबतात. जत्रेतल्या खेळाइतकेच ते साधे आणि तितकेच चिवट आहे. तरी माझे मत 'चेस'ला. शेवटच्या फेरीत स्पर्धकांनी दोन मिनिटांत जमवलेली आघाडी 'चेसर' नावाचा तो पट्टीचा पंडित तेवढ्याच वेळात कापत येतो, आणि त्याचे एखादे उत्तर चुकले की मी सोफ्यावर एकटाच टाळी वाजवतो. अर्ध्या प्रश्नांतले क्रिकेटपटू सोडले तर मला कोणीही ओळखीचे नसते, हा भाग वेगळा.

फेरी संपली की टीव्ही बंद करायचा, असे मी रोज ठरवतो. पण मधल्या जाहिरातींत बातम्यांची एखादी ओळ डोकावून गेलेली असते, आणि तिचे पुढे काय झाले हे कळेपर्यंत रिमोट हातातच राहतो. सव्वासहाला लेक दारात बूट काढताना विचारते, "बाबा, तुम्ही अजून इथेच?" आणि मी तिला कॉलिंगवूड या तिथल्या फुटबॉल संघातल्या कुठल्याशा खेळाडूच्या दुखऱ्या गुडघ्याची हकिकत सांगू लागतो.