आधी मूठ ठरली, मग पातं

भोसरीत एका टूलरूममध्ये काम करतो. पंच-डाय (पत्रा कापायचे-दाबायचे साचे) बनवणं हे रोजचंच, त्यामुळे स्टील कापणं, घासणं, हार्डन करणं (तापवून, थंड करून कडक करणं) हे काही नवीन नाही. पण माणसाच्या हातात बसणारी वस्तू पार डिझाइनपासून बनवली ती ही भाजीची सुरीच पहिली, आणि तिचं डिझाइन ज्या रविवारी ठरलं तो दिवस मला फार जवळचा आहे.

आमचा दुपारचा डबा ज्यांच्याकडून येतो त्या पोळीभाजीवाल्या मावशी, वय साठीच्या पुढे, जन्मभर विळीवर बसून भाजी चिरलेली, पण आता गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली, म्हणून ओट्यापाशी उभं राहून साध्या सुरीने कोबी-कांदा चिरायला लागल्या आणि रोज बोटांचे सांधे फळीवर आपटून आपटून सोललेले. म्हणलं मावशी, एकदा वर्कशॉपला या, तुमच्या हाताची सुरी करू. शेठनी सुट्टीच्या दिवशी मशीन वापरायला लगेच हो म्हणलं.

मी कागदावर पात्याचे आकार काढून ठेवलेले. मावशी आल्या त्या डब्यात घट्ट कणकेचा गोळा घेऊन. "हे बघ बाळा, मोजून काय कळतंय, मी धरूनच दाखवते," म्हणाल्या, लाकडी पट्टीभोवती कणीक थापली आणि चिरताना धरतात तशी गच्च दाबली. ठसा बघितला आणि सगळं डिझाइन तिथेच फिरलं. मुठीवर फक्त तीन बोटं होती, अंगठा आणि तर्जनी पुढे पट्टीवर, म्हणजे पातं येईल तिथे. विळीवर पातं जागेवर असतं आणि भाजी हलते, दोन्ही हात भाजीला लागलेले. सुरीत पातंच हलणार, म्हणून ते ताब्यात ठेवायला त्या थेट पात्यालाच चिमटीत धरत होत्या.

मग मूठ आणि पातं वेगळं काढायचा प्रश्नच उरला नाही. चिमटी जिथे बसते तिथे पात्याची पाठ गोल हवी, नाहीतर तर्जनीला घट्टा पडतो. मुठीचं पुढचं तोंड उतरतं हवं. आणि मुठीखाली बोटांना जागा हवी, त्यासाठी मुठीलगतची पात्याची उंची मी त्यांची मूठ फळीवर धरायला लावून मोजली आणि ४५ मिमी धरली. प्लायचे नमुने कापून दिले, त्या फळीवर हात चालवून दाखवत होत्या, टोक टेकवून झुलवत नव्हत्या, पुढे ढकलत खाली दाबत होत्या. म्हणून धारेची रेघ जवळपास सरळ ठेवली, फक्त टोकाकडे थोडी वर. लांबी १८० मिमी, कारण त्याहून मोठा नमुना त्यांच्या ओट्यावर वळेना (ओट्याचं माप त्यांनी वितीत सांगितलं, ते मला फार आवडलं).

स्टील ओएचएनएस (हत्यारांसाठीचं एक स्टील) घेतलं, टूलरूममध्ये हाताखालचं, तेलात हार्डन होतं आणि बारीक धार धरतं. गंजतं मात्र, ते मावशींना आधीच सांगितलं, त्या म्हणाल्या विळी काय गंजत नाही का, पुसून ठेवायची. पाठ २.५ मिमी आणि धारेपाशी हार्डनिंगआधी साधारण ०.६ मिमी, म्हणजे एका बाजूचा उतार जेमतेम सव्वा अंश, तो साइन प्लेटवर (नेमका कोन लावायची पाटी) लावून सरफेस ग्राइंडरवर काढला. धारेपाशी तेवढी जाडी ठेवावीच लागते, त्याहून पातळ धार भट्टीत वाकते किंवा तेलात तडकते. पिनांची भोकंही आधीच पाडली, कारण नंतर ड्रिल चालत नाही, आणि पातं जिथे मुठीत शिरतं तिथला कोपरा गोल केला, टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो हे डायच्या कामात सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

हार्डनिंग दुसऱ्या दिवशी, ८०० अंशांच्या आसपास, मग टोक खाली करून सरळ उभं तेलात, आडवं घातलं तर एक बाजू आधी थंड होऊन पातं वाकतं. कानस मारून बघितली, ती नुसती घसरली, पातं कडक झालेलं. लगेच २०० अंशांवर दोन तास टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला परत तापवणं. शेवटची धार दर बाजूला १५ अंशांच्या आसपास, पाण्यात बुडवत बुडवत, धारेवर निळा रंग आला की तेवढ्यापुरता कडकपणा गेला समजायचं.

मुठीला शिसवी लाकूड, पितळी पिना, अॅराल्डाइट आणि वरून जवसाचं तेल. छेद लंबगोल ठेवला, २८ बाय २० मिमी, कणकेवरूनच मोजून घेतलेला. गोल मूठ ओल्या हातात फिरते, लंबगोल असली की धार कुठल्या बाजूला आहे ते न बघता कळतं. सुरी बोटावर तोलून बघितली तर वजन मागे जात होतं, म्हणून मूठ चिकटवायच्या आधीच आतलं स्टील ग्राइंडरवर घासून हलकं केलं, तेव्हा तोल बरोबर चिमटीपाशी आला.

मावशींनी पहिला कोबी आमच्या पॅकिंग टेबलावरच चिरला. बोटं फळीला लागली नाहीत. काही दिवसांनी टोमॅटो-लिंबाने पातं करडं पडलं तेव्हा विचारायला आल्या, म्हणलं हा गंज नाही, लाल डाग दिसला तरच घासा. आता त्यांना मिरच्यांसाठी एक लहान हवी आहे, आणि कणीक त्या पुन्हा घेऊन येणार आहेत, कारण लहान सुरी त्या वेगळी धरतात म्हणे.