टॉवरला हरकत घ्यायची, तर कशावर?

गिरगावातल्या वाडीत खाली दुकानं-ऑफिसं आणि वर फ्लॅट असा टॉवर येतोय, हरकतीच्या अर्जात काय लिहायचं, असं बरेच जण विचारतात. म्हणून सांगतो. बहुतेक मसुदे ‘आमचा वारसा धोक्यात’ इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. असा अर्ज फायलीला लागतो, बस्स.

‘खाली दुकानं नकोत’ हेही टिकत नाही. खाली पिठाची गिरणी, वर बिऱ्हाडं, अशीच आपली चाळ होती. प्रश्न आकाराचा आहे. वाण्याचा माल हातगाडीवर येतो, सुपरमार्केटचा टेम्पोतून, आणि तो टेम्पो गल्लीत कुठे वळणार ते नकाशात दिसलं पाहिजे.

तेव्हा आधी नकाशा मिळवा. प्रॉपर्टी कार्डावरचा सी. एस. नंबर, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, घ्या (उपनगरात सी. टी. एस., शहरात सी. एस.; यात गल्लत झाली की अर्ज भलत्याच टेबलावर फिरतो). मग पालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याकडे माहिती अधिकारात मंजूर नकाशे आणि आयओडीच्या (बांधकामाला पालिका देते त्या सशर्त मंजुरीच्या) अटी मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. खासगी इमारतीसाठी पालिका स्वतःहून हरकती मागवेल, या भरवशावर राहू नका. एक महिन्याची जाहीर मुदत मिळते ती शहराच्या विकास आराखड्यात किंवा विकास नियंत्रण नियमावलीत नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल होतो तेव्हा. खोताच्या वाडीसारख्या वारसा परिसरात मात्र वारसा समितीलाही प्रत द्या.

नकाशात आधी तळघर बघा. चौपाटीच्या बाजूला खाली वाळू आणि भराव, पाणी वर. पार्किंगसाठी खोल खणलं की पंप रात्रंदिवस चालतो, पाण्याबरोबर बारीक वाळूही निघते, आणि शेजारचं चुन्यात बांधलेलं, भिंतींवर उभं घर एका कोपऱ्यात बसतं. ते पाडकामाच्या धक्क्याने नव्हे, महिन्याभराने तडकतं, आणि बिल्डर म्हणतो, ‘तडा जुनाच आहे.’ म्हणून खणण्याआधी शेजारच्या प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढायला लावा. जुन्या तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, बाजूला तारीख लिहा. पट्टी तुटली तर तडा वाढतोय. अर्जात मागणी एवढीच: खोदाईभोवती पाइलची (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांची) भिंत, शेजारच्या घरांची मोजणी आणि पंपाच्या उपशाची नोंद.

मग आग. उंच इमारतीला बंब उभा राहायला किमान एका बाजूला मोकळी जागा लागते. कागदावर ती असतेच. नंतर तिथे दुकानांचा माल उतरतो आणि ऑफिसवाल्यांच्या मोटारसायकली लागतात. मालाची जागा वेगळी दाखवली नसेल तर त्यावरच हरकत घ्या, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला प्रत पाठवा.

गाळेवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खालच्या, म्हणजे जुन्या सेसच्या (उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या, पुनर्विकासात रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं. गाळ्याला पूर्वी होतं तेवढंच. हमी क्षेत्रफळाची आहे, रस्त्याकडच्या तोंडाची नाही. मागच्या पोडियमवर (टॉवरच्या पायथ्याच्या मजल्यांवर) गेलेलं दुकान चालत नाही. गाळ्याचा नंबर आणि दर्शनी लांबी नोंदणीकृत करारात, नकाशा जोडून घ्या, आणि ते संमतीपत्रावर सही करण्याआधी.

प्रत्येक अर्जावर पोचेचा शिक्का आणि इनवर्ड नंबर हवा. पुढच्या पत्रात तोच नंबर लिहायचा असतो.