कात्री धरवत नाही म्हणून आलेल्या मावशी

रेडिओलॉजीच्या रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष चालू होतं. मेंदूचे लोब (मोठे भाग), सल्कस (खाचा), जायरस (खाचांमधल्या घड्या) सगळं पाठ होतं, एमआरआयचे सिक्वेन्स, म्हणजे इमेज काढायच्या वेगवेगळ्या पद्धतीही पाठ होत्या, टी वनमध्ये पाणी काळं, टी टूमध्ये पांढरं, फ्लेअरमध्ये मेंदूभोवतीचं पाणी दाबून टाकलेलं वगैरे. पण ही नावं माणसाला जोडलेली नव्हती, ती त्या दिवशी जोडली गेली.

दिवाळीच्या आधीचे दिवस. साठीच्या आसपासच्या एक मावशी, ब्लाऊज शिवायचं काम, सकाळी कपडा कापायला बसल्या आणि उजव्या हातातून कात्रीच सुटली. बाहेर कुणीतरी हाताची नस (नर्व्ह) दबली असेल असं सांगून गोळ्या दिल्या होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा एकच सांगत होत्या, "डॉक्टर, दुखत काहीच नाही ओ, पण कात्री धरवत नाही." चेहरा सरळ, बोलणं स्वच्छ, पाय ठणठणीत.

न्यूरोलॉजीच्या मॅडमनी त्यांना मूठ वळायला सांगितली. मनगट खाली पडलेलं होतं, पण मूठ वळायचा प्रयत्न केला की तेच मनगट आपोआप थोडं वर यायचं. मॅडम मला म्हणाल्या, "हे बघून ठेव गं, हाताची नस गेली असती तर मनगट असं वर आलं नसतं." शिवाय सगळीच बोटं कमजोर होती, एका नसेच्या हिशोबात ते बसत नव्हतं. आणि दुखणं नाही, मुंग्या नाहीत, सगळं एकदम एका क्षणात झालेलं.

आधी सीटी केला. रक्तस्राव झालाय का हे सीटीवर लगेच कळतं, ताजं रक्त पांढरं दिसतं. (1971 साली लंडनमध्ये सीटीवर पहिला पेशंट घेतला तो मेंदूच्याच स्कॅनसाठी, हे मला अजूनही भारी वाटतं.) रक्तस्राव नव्हता, बाकीही सीटी नॉर्मल. पण रक्तपुरवठा बंद पडून झालेला स्ट्रोक पहिल्या काही तासांत सीटीवर दिसेलच असं नाही, त्यातून छोटा असला तर अवघडच, म्हणून लगेच एमआरआयला घेतलं.

डिफ्युजनच्या इमेजेस यायला लागल्या आणि मी खालून वर स्क्रोल करत गेले. सेरेबेलम, ब्रेनस्टेम, थॅलॅमस, काही नाही. अगदी वरच्या स्लाइसमध्ये एक पांढरा ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. स्क्रीनच्या उजव्या बाजूला म्हणजे पेशंटच्या डाव्या, कारण आपण पायाकडून बघतोय असं धरून इमेज मांडलेली असते. आणि मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते. एडीसी मॅपवर (डिफ्युजनमधूनच काढलेली, पडताळणीची इमेज) तीच जागा काळी, म्हणजे खरंच ताजा इन्फार्क्ट, रक्त न मिळाल्याने मेलेला भाग. पेशीला रक्त मिळालं नाही की तिचे पंप बंद पडतात, पाणी आत शिरतं आणि तिथे त्या पाण्याची हालचाल अडकते, डिफ्युजन सिक्वेन्स नेमकी तीच अडकलेली हालचाल दाखवतो.

मग मॅडमनी टी टू उघडायला लावलं आणि म्हणाल्या आता सेंट्रल सल्कस शोध. त्याच्या पुढचा प्रीसेंट्रल जायरस म्हणजे हालचालीचा भाग, आणि वरच्या स्लाइसमध्ये तिथेच एक गाठ (रोगाची नाही, मेंदूच्या घडीचीच) मागच्या बाजूला फुगलेली दिसते, उलट्या ओमेगाच्या (Ω) आकाराची. तिला हँड नॉब म्हणतात, 1997 मध्ये तिचं एमआरआयवर नीट वर्णन झालं. हात हलवायचं काम तिथलं. मावशींचा ठिपका बरोब्बर त्या गाठीवर होता. पायाचा भाग तिथून आत मधल्या फटीकडे, चेहऱ्याचा खाली बाहेरच्या अंगाला, म्हणून ते दोन्ही वाचले. मेंदूचे सर्जन पेनफिल्ड यांचं ते मेंदूवर आडव्या पडलेल्या माणसाचं चित्र, म्हणजे शरीराचा कुठला भाग मेंदूत कुठे ते दाखवणारं, मी किती वेळा काढलं असेल, पण त्या पांढऱ्या ठिपक्यावर कर्सर ठेवून मान वर केली तर काचेपलीकडे टेबलवर तोच उजवा हात दिसत होता. अंगावर काटा आला, खरंच.

मानेच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) डाव्या कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीत, बऱ्यापैकी अडथळा निघाला. बहुतेक तिथूनच बारीक गुठळी सुटून वर गेली असणार. हाताचंच आहे म्हणून मावशी घरी बसल्या असत्या तर पुढची गुठळी कुठे अडकली असती ते सांगता येत नाही, म्हणून त्याच दिवशी अ‍ॅडमिट करून औषधं सुरू केली आणि कॅरोटिडसाठी व्हॅस्क्युलर सर्जनना बोलावलं.

आता नवीन ज्युनिअर आले की मी डिफ्युजनच्या आधी टी टूच्या वरच्या स्लाइस उघडायला लावते आणि दोन्हीकडचा ओमेगा शोधायला सांगते. सापडला की स्वतःच्या हाताची मूठ वळून बघा म्हणते.