टोपलीतलं सगळं घरात खपलं पाहिजे : आमची वाटचाल

आमच्या भेटीच्या टोपलीत चॉकलेट नसतं. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, म्हणून आधीच सांगते. भुसावळात एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो, आणि लग्नं, साखरपुडे, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे सगळं त्याच दिवसांत येतं. कुरिअरच्या गाडीत दुपारभर तापलेलं चॉकलेट कसल्या अवस्थेत पोचेल ते वेगळं सांगायला नको. पण ऊन नसतं तरी मी ते ठेवलं नसतं. भेट आलेली टोपली दोन दिवस दिवाणखान्यात मिरवते, मग वरचा चमचमता कागद निघतो आणि आतल्या निम्म्या वस्तू कपाटात जाऊन पडतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. आमच्या टोपलीतली वस्तू ताटात पडली पाहिजे, नाहीतर देवापुढे लागली पाहिजे. एवढा एकच नियम धरून आम्ही 2018 पासून हा व्यवसाय घरातून करतो आहोत.

कल्पना नवीन काहीच नव्हती. आपल्याकडे लेक सासरी निघाली की तिला रिकाम्या हाताने कोणी पाठवत नाही. उडदाचे पापड, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, कुरडया, वर्षभराच्या मसाल्यातला थोडा मसाला, असं सगळं बांधून देतात. शेजारच्या काकूंना मुलीच्या व्याह्यांकडे असं काही न्यायचं होतं आणि घरी करणारं कोणी उरलं नव्हतं. मी आणि सासूबाईंनी मिळून टोपली भरून दिली. पुढची गिऱ्हाइकं त्या टोपलीनेच आणली.

टोपली आम्ही बुरुड आळीतूनच घेतो. बाजारात तारेच्या आणि प्लास्टिकच्या स्वस्त मिळतात, पण त्या पुढे कशाला वापरणार? बांबूच्या टोपलीत कांदे-बटाटे राहतात, फुलं राहतात. बुरुडकाकांनी मला पहिल्याच भेटीत दोन कामट्या हातात दिल्या. एक सालीकडची, हिरवट आणि चिवट, वाकवली तरी तुटत नाही. दुसरी गाभ्याकडची, पांढरट आणि मऊ. म्हणाले, "ताई, गाभ्याची टोपली स्वस्तात पडेल, पण तिला लवकर भुंगा लागेल." तेव्हापासून सालीचीच. नवी टोपली आली की आधी गच्चीवर चांगली वाळवायची. ओल्या बांबूची ओल पापडाला लागली की बुरशी आलीच म्हणून समजा. त्यामुळे दिवाळीच्या टोपल्यासुद्धा आम्ही पावसाळ्याआधी विणून घेतो.

भरण्याचाही क्रम आहे. शेंगदाण्याच्या चटणीची आणि लोणच्याची बरणी तळाला. त्याभोवती शेवभाजीचा काळा मसाला, नंदुरबारच्या मिरचीचं तिखट, कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी. पापड आणि बिबड्या कडेने उभ्या. केळीचे वेफर्स सगळ्यात वर, कारण त्यांच्यावर काहीही ठेवलं की चुरा होतो. दिवाळीला फुलवाती आणि कापसाची वस्त्रं घालतो. कापूस आपल्याच भागातला, आणि वाती गल्लीतल्या आजी वळून देतात. वरून प्लास्टिकऐवजी मांजरपाटाचा तुकडा बांधतो. बिबड्या घालायला तो पुन्हा कामी येतो, असं गिऱ्हाइकंच आम्हाला सांगतात.

या धंद्यात सगळ्यात अवघड काय, तर पैसा अडकणं. पापड, बिबड्या, कुरडया हे सगळं कडक उन्हाचं काम. ज्वारीचा घाटा पहाटे शिजवून ऊन चढायच्या आत कापडावर घालावा लागतो. म्हणजे वर्षभराचा माल फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतच तयार होतो आणि मोठी विक्री होते दिवाळीला. मधले महिने डबे भरलेले आणि हात मोकळे. उडीद, ज्वारी, तेल यांचे पैसे तर गेलेलेच असतात, आणि लाटणाऱ्या मावश्यांची मजुरी त्याच आठवड्यात द्यायची असते. ती मी कधीही उधार ठेवत नाही. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी येते, तेव्हा थोड्या टोपल्या जातात आणि जरा श्वास मिळतो. संक्रांतीच्या वाणाच्या छोट्या टोपल्या आम्ही मुद्दाम सुरू केल्या, त्या याच हिशेबाने.

किंमत लावताना टोपली बांधायचा वेळ, सुतळी, कापड, बुरुड आळीपर्यंतचं रिक्षाभाडं, सगळं धरते. घरून चालतं म्हणून स्वस्त मिळेल, असं लोक गृहीत धरतात. घरातली बाई उन्हात उभी राहते, तिच्या उभं राहण्याचे पैसे टोपलीत असलेच पाहिजेत. यावर मी घासाघीस करत नाही.

एका कंपनीने दिवाळीच्या टोपल्यांचं बिल होळीपर्यंत लांबवलं. त्यानंतर मी उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून घेतली. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करावेत, असा 2006 चा कायदा आहे. आता ही ओळ आमच्या बिलावर छापलेली असते आणि मोठ्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ घेतो. अन्नपदार्थांची एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी पहिल्या वर्षीच केली होती. तेव्हा 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला 100 रुपये फी होती. घरगुती पदार्थ विकणाऱ्या मैत्रिणी अजूनही ती टाळतात, त्याचं मला वाईट वाटतं. पाकिटावर नंबर असला की दुकानदार नीट बोलतो.

जीएसटीचं प्रकरण सुरतेमुळे आलं. सुरत-उधन्यात आपली खान्देशी माणसं किती आहेत हे सांगायला नको. तिथून फोन आला की पहिला प्रश्न, "ताई, बिबड्या शेतस का?" पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. त्यातही एक मेख आहे. वेगवेगळ्या वस्तू एकाच किमतीत एकत्र विकल्या, की त्यातल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा कर पूर्ण टोपलीला लागतो. शोभेची एखादी वस्तू घाला असा आग्रह झाला की मी आधी तिचा दर बघते. बहुतेक वेळा ती बाहेरच राहते, आणि ती नसल्याचं कोणाला जाणवतही नाही.

आखाजीच्या ऑर्डरी आम्ही गुढीपाडव्यापासून घेतो. त्या टोपलीत सांजोऱ्या, म्हणजे गोड सारणाच्या पुऱ्या असतात. त्या आदल्या दिवशी तळायच्या आणि भुसावळ-जळगावात हातोहात पोचवायच्या. सुरतेच्या गिऱ्हाइकांनी कितीही आग्रह केला तरी कुरिअरने सांजोऱ्या पाठवत नाही. त्यांच्या टोपलीत त्या जागी जास्तीच्या बिबड्या आणि कच्चे शेंगदाणे जातात.