दांडीपथ चालणार असाल तर महीची भरती आधी बघा

दांडीपथावर, म्हणजे १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजी चालले त्या वाटेवर, गुजरातेतल्या कंकापुऱ्याहून समोरच्या कारेलीला मही नदी पायी ओलांडता येते, ओहोटीला पाणी जेमतेम घोट्यापर्यंत असते, असे आम्हाला निघण्यापूर्वी ठणकावून सांगण्यात आले होते. सांगणारा लोकांना या मार्गावर नेण्याचे पैसे घेतो. हे साफ खोटे आहे. पाणी घोट्यापर्यंत असेलही, पण खालचा गाळ मांडीपर्यंत गिळतो, आणि पात्र इतके रुंद आहे की समोरचा काठ गाठायच्या आत भरती गाठते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. ते पाणी महीच्या मुखातून धावत आत येते. साबरमती ते दांडी हा सगळा पल्ला पायी करून आल्यावर माझे मत पक्के झाले आहे: बाकी मार्ग चालण्याची सवय असलेल्याला सहज जमतो, चौकशी करायची ती या एका टप्प्याची.

१९३० साली इथे काय झाले ते माहीत असेल तर ही फसवणूक आणखी लागते. १२ मार्चला गांधीजी ७८ सत्याग्रहींसह आश्रमातून निघाले आणि १९ मार्चला रास गावी आले. याच रासमध्ये ७ मार्चला वल्लभभाई पटेलांना पकडून तीन महिन्यांची शिक्षा दिली होती, म्हणजे कूच सुरू होण्याआधीच सरकारने पहिला घाव घातला होता. संध्याकाळी मंडळी कंकापुऱ्याला पोचली आणि रात्री भरती येईपर्यंत थांबली. होड्या सुटल्या त्या पाणी चढल्यावर. साठी गाठलेला माणूस, आठवडाभराची चाल अंगावर, अंधार, दोन्ही तीरांवर दिवे घेऊन उभे असलेले गावकरी. आणि इतके करूनही पलीकडे उतरल्यावर चिखल तुडवावाच लागला. ज्यांच्यासाठी अख्खा जिल्हा नदीवर लोटला होता, त्यांनीसुद्धा भरतीची वाट पाहिली. मग आज कुणी पैसे घेऊन ‘ओहोटीला चालत जाऊ’ म्हणतो, तेव्हा त्याला नदीही ठाऊक नाही आणि इतिहासही.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा ओहोटी लागून गेली होती. आमचा वाटाड्या चिखल पाहून काठावरच अडला. मग एक होडीवाला तयार झाला, माणशी दर ठरला. मधल्या धारेत आल्यावर त्याने वल्हे थांबवून दुप्पट मागितले. दिले, कारण दुसरा इलाज नव्हता. त्यानंतर त्याने आम्हाला कारेलीच्या काठावर नाही, तर काठापासून बऱ्याच अंतरावर, गाळाच्या पट्ट्यावर उतरवले. पुढचा तो तुकडा मी जन्मात विसरणार नाही. एक पाय काढायला गेले की दुसरा रुतायचा. आमच्यातल्या एकाचा बूट गाळातच राहिला. पाठीवरची पिशवी छातीवर घ्यावी लागली, आणि मागे पाणी चढू लागल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

तेव्हा जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पार व्हायचे ते भरती पूर्ण भरल्यावर, दिवसाउजेडी. भरतीची वेळ आदल्या दिवशी गावातल्या मासेमाऱ्यांना विचारा, शहरातून कुणी फोनवर सांगितलेली वेळ धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखल झाकला जातो पण ओढ भयंकर असते. अष्टमीच्या भांगात, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीत, ओढ कमी, काठचा गाळ मात्र उघडा. मी गाळ पत्करीन, ओढ नाही. पैसे ‘कारेलीच्या कोरड्या काठापर्यंत’ असे बोलून ठरवा, गावातले एक-दोघे जण ऐकत असताना, आणि द्या पलीकडे उतरल्यावर. बूट काढून गळ्यात अडकवा, पायांत जुने पट्ट्यांचे सँडल घट्ट बांधा. एक काठी हवीच. पावसाळ्यात या टप्प्याचा विचारही करू नका.

ज्यांना नदीत उतरायचेच नाही त्यांनी पुलाची चौकशी ताजी करून घ्यावी. महीवरचा गंभीऱ्याचा पूल ९ जुलै २०२५ला कोसळला, वीसहून जास्त माणसे गेली. जुन्या वृत्तांतांत ‘गंभीऱ्यावरून या’ असे वाचाल, ते आता सोडून द्या. वरच्या बाजूला उमेट्याचा पूल आहे. वळसा मोठा पडतो, पण जीव सुरक्षित राहतो.

बोरसद तालुक्यातले बदलपूर याच महीच्या काठी आहे. मीठ उचलायला आधी गांधीजींनी तिथे जायचा विचार होता, पुढे दांडी ठरली. बदलपूरच कायम राहिले असते तर कूच आठवड्याभरात संपली असती. दांडीमुळे २४१ मैल मिळाले, रोज नवे गाव, रोज सभा. गाळातून वर आल्यावर पायांवर वाळलेला मिठाचा पांढुरका थर पाहिला, म्हणजे मीठ इथेही होतेच, तेव्हा ही निवड किती विचाराची होती ते मला पटले.

बाकीचे थोडक्यात. अहमदाबादेतून बाहेर पडताना नारोल-असलालीपर्यंत ट्रकांची धूळ, पहाटे निघा. नडियाद, आणंद सुखाचे आहे, सांगण्यासारखे काही नाही. मुक्कामाच्या गावांतून पदयात्रींसाठी निवास बांधलेत, पण किल्ली कुणाकडे ते दिवस मावळायच्या आत शोधा. गजेऱ्याला थांबा: अस्पृश्यांना सर्वांबरोबर बसू दिल्याशिवाय गांधीजींनी तिथे सभा सुरू केली नाही. अंकलेश्वरला कारखान्यांच्या वासाने डोके दुखते, तिथे मुक्काम करू नका.

भाटगाम मात्र चुकवू नका. २९ मार्चला इथे गांधीजींनी स्वतःच्याच माणसांना धारेवर धरले. सुरतेहून मोटारीने दूध-भाजी येत होती, रात्री मजुराच्या डोक्यावर किटसन बत्ती, म्हणजे रॉकेलचा प्रखर दिवा होता. व्हाइसरॉयला महिना २१,००० रुपये पगार आणि हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी, असे लिहून ज्याने सरकारला जाब विचारला होता, त्याला आपल्या पंगतीचा खर्चही मोजावा लागला. मागून सामानाची गाडी, पुढे थंड पाण्याचे खोके अशी जी ‘दांडी यात्रा’ विकली जाते, तिला माझा स्पष्ट नकार आहे. पाठीवर मावेल तेवढे घ्या.

आश्रमातले गायक पं. नारायण मोरेश्वर खरे हे आपले मराठी गृहस्थ ही सगळी वाट सत्याग्रहींबरोबर चालले. मुक्कामी प्रार्थनेची भजने तेच म्हणत. संध्याकाळी दमलेले असतानाही आम्ही एखादे भजन म्हणायचो, आणि गावची म्हातारी माणसे येऊन बसायची. एवढे जरूर करा.

दांडीला गर्दी असते. स्मारक आणि गांधीजी उतरले होते तो सैफी व्हिला बघा, पण निवांत वेळ काढायचा तर तीनेक मैल अलीकडच्या कराडीला. तिथल्या झोपडीतून ४-५ मेच्या मध्यरात्री गांधीजींना, खटल्याशिवाय डांबू देणाऱ्या १८२७च्या जुन्या नियमाखाली, उचलून येरवड्याला नेले. परतीची गाडी नवसारीहून धरा. दांडी-नवसारी रिक्षाचे भाडे आधी ठरवून घ्या, संध्याकाळनंतर ते वाढते.